गंगव्वाच्या शेडमधली पिल्लं

जुळे सोलापुरात आम्ही राहतो त्या इमारतीत दोन डॉक्टर आहेत. दुसऱ्या मजल्यावरचे हाडांचे आणि तिसऱ्या मजल्यावर मी. पण कुणी पत्ता विचारत आलं की वॉचमन 'कोंबडीवाल्या बाईंची बिल्डिंग' अशीच खूण सांगतो. हाडांच्या डॉक्टरांना ते फारसं रुचत नाही. मला रुचतं. सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा या पट्ट्यात मी कोंबडीच्या पिल्लांपायी जेवढी फिरले, तेवढे ते माणसांच्या हाडांपायी फिरले नसतील.

पशुवैद्यक होऊन बाहेर पडले तेव्हा माझ्याबरोबरच्या मुलांनी गाई-म्हशी धरल्या. मुलाखतीला बसलेल्या साहेबांनी मला कोंबड्यांकडे टाकलं. बाईमाणसाला हलकं काम म्हणाले. हलकं काम म्हणजे काय, ते मला एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये वाकून उभं राहिल्यावर कळलं. पण त्या साहेबांचे माझ्यावर उपकारच आहेत. आजारी म्हैस कुठं दुखतंय ते तरी दाखवते. एका दिवसाचं पिल्लू काही दाखवत नाही. ते बरं असतं किंवा मेलेलं असतं. मधल्या वेळेत काय झालं ते शोधून काढायचं, हे माझं काम. आणि ते मला चांगलं जमायचं. हे मी विनयानं वगैरे सांगत नाहीये. जमायचं, म्हणून लोक फोन करायचे.

ज्यांनी पिल्लांचं शेड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हॅचरीत पिल्लू यंत्रातून बाहेर येतं. त्याला आई नसते. खोक्यात बसून गाडीनं गावाला येतं, आणि तिथं आईच्या पंखांची ऊब माणसानं द्यायची असते. त्यासाठी जमिनीवर भाताचं तूस पसरतात, भोवती पत्र्याचं गोल कडं उभं करतात, वर पत्र्याची छत्री टांगून तिच्यात बल्ब लावतात. याला ब्रूडर म्हणायचं. पहिला आठवडा पिल्लाचं सगळं आयुष्य या कड्यात. ऊब कमी पडली तर सगळी मध्ये गोळा होऊन एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. जास्त झाली तर पत्र्याला चिकटून चोच उघडून धापा टाकतात. बेतशीर असली की तूस शिंपडल्यासारखी सगळीकडे पसरतात आणि बारीक, समाधानी चिवचिव करतात. मी शेडमध्ये गेले की आधी काही न बोलता दारात उभी राहायची. मालकाला वाटायचं, बाई देवाचं नाव घेतायत. मी ऐकत असायची.

चार-दोन पिल्लं कुठंही मरतात. पण रोज सकाळी बादली भरायला लागली की घरात सुतक येतं, आणि सुतकापाठोपाठ संशय. हॅचरीवर, खाद्यावर, गाडीवाल्यावर, शेजाऱ्यावर, करणीवर. कारण सापडेपर्यंत कुणाच्या तरी डोक्यावर ते मरण ठेवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. म्हणून माझं काम मला कधी नुसतं पिल्लांचं वाटलं नाही.

कधीकधी कारण अगदी भाबडं निघायचं. शहराच्या कडेला एका विणकराची पिल्लं मरत होती. घर तेलुगू, पिढ्यान् पिढ्या मागावर बसलेलं, आणि यानं माग मोडून कोंबड्या धरलेल्या. सगळा रोगराईचा पाढा वाचून झाला तरी काही लागेना. शेवटी एक पिल्लू उघडलं तर गळ्याखालच्या खाद्यपिशवीत टॉवेलच्या दोऱ्यांचा घट्ट गोळा. या बाबानं तुसाऐवजी शेजारच्या लूमखालची झडती, म्हणजे झडलेलं सूत, अंथरली होती, पांढरीशुभ्र, कापसासारखी. पिल्लं ती टिपत होती. त्याला तो गोळा दाखवला तर त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मऊ गादी केली होती की मॅडम त्यांना," एवढंच म्हणाला.

कधी कारण सापडायचंच नाही. मंगळवेढ्याकडच्या एका शेडमध्ये पिल्लं सलग मरत होती आणि एका सकाळी आपोआप थांबली. मालकानं मला साडी-चोळी केली, पेढे दिले. मी ते घेतले, पण घशाखाली उतरले नाहीत. कारण मला माहीत होतं, मी काही केलेलं नव्हतं. कारण न कळता थांबलेली मरतूक मला चालू असलेल्या मरतुकीपेक्षा वाईट वाटते. माणूस त्यातून हवा तो अर्थ काढायला मोकळा होतो.

हे गंगव्वाच्या शेडमध्ये मला सगळ्यात जास्त उमगलं.

गंगव्वाचं गाव अक्कलकोटच्या अलीकडं. नाव सांगत नाही, तिथले लोक दिवाळी अंक वाचतात. उंच, सडपातळ बाई, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज शेतावरून गावात ऐकू जाईल असा. नवऱ्यामागं तिनं हा धंदा उभा केला होता. हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं आणायची, तीन-चार आठवडे सांभाळून धट्टीकट्टी करायची आणि आसपासच्या गावांतल्या बायकांना परसात पाळायला द्यायची. 'गंगव्वाचं पिल्लू मरत न्हाय' असं त्या भागात म्हणायचे. मुलगा मल्लिनाथ हाताशी होता, पण शेड तिचं.

मला फोन केला तो मल्लिनाथनं. संक्रांत होऊन गेली होती, थंडी अजून होती. म्हणाला, "मागची सगळी खेप अर्ध्यावर आली मॅडम. आई काय बोलंना झालीय."

मी गेले तेव्हा त्या खेपेतली उरलेली पिल्लं अजून मरतच होती. गंगव्वा दारातच उभी होती. "बर्री, कुंदर्री," म्हणाली, या, बसा. आमच्या घरी कानडी बोलतात हे तिला ठाऊक होतं, त्यामुळं आमचं बोलणं नेहमी अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. एरवी चहा झाल्याशिवाय ती शेडचं दार उघडायची नाही. त्या दिवशी चहाचं नाव नाही.

शेड नेहमीसारखंच चोख. थंडीसाठी दोन्ही बाजूंचे पडदे खाली सोडलेले, तूस कोरडं, पाण्याची भांडी घासलेली. सकाळची मेलेली पिल्लं बादलीत होती. मी एकेक हातात घेतलं. खाद्यपिशवी भरलेली, पाय चमकदार, शेपटीखाली घाण नाही. आजारी पिल्लू खाणं सोडतं. ही खाऊन-पिऊन मेली होती. उघडून पाहिली तर काळीज, आतडी, बेंबीजवळचा बलक, सगळं ठाकठीक. फक्त फुप्फुसं तांबडी-काळी, ओली, जड. चिरलं की फेस यायचा.

फुप्फुस असं दिसलं की आधी शेगडीचा धूर आठवतो. मी विचारलं, कोळसा पेटवता का, डिझेलचं काही ठेवता का. नाही. बुरशी लागलेलं तूस? मुठीत घेऊन हुंगलं, स्वच्छ. मग नमुने घेतले आणि लॅबला पाठवते म्हणाले. तेवढ्यात एका मुलीनं पाण्याचा तांब्या आणून दिला. डोक्यावर पदर, हातात नवा चुडा. मल्लिनाथची बायको अश्विनी. सोलापुरातली मुलगी, पदवीपर्यंत शिकलेली, लग्न मार्गशीर्षात झालेलं. तिच्याशी कुणी बोललं नाही.

गाडीपर्यंत सोडायला मल्लिनाथ आला. बराच वेळ चावीशी चाळा करत राहिला आणि मग म्हणाला, की आई म्हणते, हे लग्नापासून चालू झालंय. लग्नाआधी इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शिवरात्रीला अश्विनीला माहेरी पाठवायची, दोन-तीन महिने ठेवायची आणि पिल्लं जगतात का बघायचं. त्याला ते पटत होतं असं नाही. पण आईला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

लॅबचा रिपोर्ट आला. रोगजंतू नाही, खाद्यात विष नाही, पाणी निर्दोष. त्याच हॅचरीची पिल्लं दुसरीकडे मजेत वाढत होती. माझ्या हातात काही उरलं नाही, आणि गंगव्वाची नवी खेप यायची वेळ झाली. मी तिला म्हणाले, खेप पुढे ढकला. ती म्हणाली, बायकांना शब्द दिलाय.

नवी पिल्लं आली त्या दिवशी मी हजर होते. खोकी माझ्यासमोर उघडली. छान पिल्लं होती, टणटणीत. पहिला दिवस बरा गेला. मग थंडी वाढली, पडदे खाली आले, आणि सकाळी मल्लिनाथचा फोन: पुन्हा सुरू झालं.

अक्कलकोटला माझ्या आतेबहिणीचं घर आहे. मी पिशवी भरली आणि तिच्याकडे मुक्काम टाकला. रोज सकाळी शेडवर. नोकरीत असताना असं करता येत नव्हतं, एका शेडसाठी एवढे दिवस कोण देणार. आता निवृत्तीनंतर माझी मी मुखत्यार होते आणि मला हे सोडवायचंच होतं. खरं कारण सांगू का? त्या घराच्या सोप्यात, भिंतीला टेकून, अश्विनीची भरलेली बॅग ठेवलेली होती. शिवरात्र अजून लांब होती, तरी बॅग तयार होती. येता-जाता ती दिसायची.

पहिल्या सकाळी मी बादली पुढ्यात घेऊन बसले होते. अश्विनी भांडी विसळत होती. बाकीचे घरात गेलेले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, मेलेली पिल्लं मी उचलते. जास्त करून ती त्या कोपऱ्याच्या दोन कड्यांतलीच असतात."

मी विचारलं, हे आधी कुणाला सांगितलंस का.

"सांगितलं तर म्हणतील, हिला कसं ठाऊक," ती म्हणाली.

शेडमध्ये चार कडी होती. दोन दाराकडं, दोन मागच्या कोपऱ्यात. सगळं मेलेलं एका बादलीत पडायचं, त्यामुळं कुठलं पिल्लू कुठं मेलं याचा पत्ता कुणालाच नव्हता. मलासुद्धा. एवढी वर्षं मी लोकांना हेच शिकवत आले होते, की मेलेलं पिल्लू कुठं पडलंय ते आधी बघा. आणि इथं ते बघणारी एकटी मुलगी होती, आणि तिचं तोंड बंद करून ठेवलेलं होतं.

मग आम्ही दोघींनी काम सुरू केलं. जखमेला लावायचं जांभळं औषध असतं, त्याचा ठिपका मागच्या कोपऱ्यातल्या पिल्लांच्या डोक्यावर दिला आणि ती दाराकडच्या कड्यांत सोडली. तिथली कोरी पिल्लं मागं नेली. दुखणं पिल्लांत असेल तर जांभळी मरतील, जागेत असेल तर कोरी. अश्विनीला मी हे एकदाच सांगितलं. तिनं ठिपके असे दिले की जणू हळदीकुंकू लावतेय, एकही पिल्लू दचकलं नाही. गंगव्वा लांबून बघत होती. तिला वाटलं आम्ही काहीतरी मंत्र-तंत्र करतोय, आणि तिचा त्याला विरोध नव्हता.

सकाळी मागच्या कोपऱ्यात मेलेली सगळी कोरी होती. जांभळी दाराकडं हुंदडत होती.

म्हणजे जागा. मग तिथलं तूस काढून जाळलं, फरशी चुन्यानं धुतली, नवं तूस टाकलं. दाराकडची पाण्याची आणि खाद्याची भांडी मागं नेली, मागची पुढं. मला खात्री होती की आता सुटलं. सकाळी गेले तर पुन्हा तिथंच पिल्लं पडलेली. एक अजून जिवंत होतं, मान ताणून, चोच उघडून श्वास ओढत होतं. माझ्या हातातच गेलं.

मी तिथंच कड्यात बसले, तुसावर. पिल्लं माझ्या मांडीवर चढत होती. खाली बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं. खालचं सगळं बदललंय, तर उरलं काय? तेव्हा कुठं मी वर बघितलं.

छत्रीत बल्ब होते. दाराकडच्या कड्यांवर होते तसलेच तांबडे. पण तिथले काचेसारखे लखलखीत, आणि हे जरा मंद, वर साय धरल्यासारखे. मी मल्लिनाथला दिवे बंद करायला सांगितलं. बल्ब गार झाल्यावर बोट फिरवलं. काच अशी लागत नाही. गुळगुळीत, थोडं बुळबुळीत, नव्या नॉनस्टिक तव्यासारखं.

तव्याचा विचार मनात आला आणि मी बल्बवरचं बोट झटकन काढलं. माझी एक मैत्रीण पुण्यात पाळीव पक्ष्यांचा दवाखाना चालवायची. तिनं कधीतरी सांगितलं होतं, की नॉनस्टिक तवा गॅसवर तसाच राहून तापला तर त्याच्या थरातून वायू सुटतो. माणसाला समजतही नाही, पण स्वयंपाकघरात पिंजरा असेल तर त्यातला पोपट गप्पकन मरतो. पक्ष्याचं फुप्फुस फार नाजूक असतं. त्या पोपटांची फुप्फुसं कशी दिसतात तेही तिनं सांगितलं होतं. तांबडी-काळी, ओली, जड.

मी तिला तिथूनच फोन लावला. बल्बचं वर्णन केलं. ती म्हणाली, असे बल्ब असतात. फुटले तरी काचा पडू नयेत म्हणून त्यांच्यावर तोच थर देतात. हॉटेलात मांडलेलं जेवण गरम ठेवायला वापरतात, वरून काच जेवणात पडू नये म्हणून. पिल्लांवर कुणी लावले?

फोन ठेवला आणि मी अश्विनीला विचारलं, हे बल्ब कुठले.

तिनं उत्तर द्यायच्या आधीच मला कळलं. तिचा चेहरा उतरत गेला.

गोष्ट साधी होती. लग्न होऊन ती आली तेव्हा मागच्या कोपऱ्यात पत्र्यातून दव ठिबकायचं आणि तापलेल्या बल्बवर पडून तो फुटायचा. एकदा काचेचे तुकडे पिल्लांनी टिपले. तिला ते बघवलं नाही. तिचा भाऊ पुण्यात एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला. तो गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला आला तेव्हा बहिणीच्या पहिल्या संक्रांतीला साडीबरोबर हे न फुटणारे बल्ब घेऊन आला. गंगव्वानंसुद्धा तेव्हा कौतुक केलं होतं. त्यातले दोन उरले ते शेजारच्या मळ्यातल्या इब्राहिमभाईंना दिले, त्यांनी नुकत्याच कोंबड्या धरल्या होत्या म्हणून.

"म्हणजे मीच मारली की ओ," अश्विनी म्हणाली.

मी तिला म्हणाले, बल्बनं मारली. तुला माहीत नव्हतं, विकणाऱ्याला माहीत नव्हतं, मलासुद्धा आत्ता कळतंय. पण तिला काय वाटत असेल ते मला समजत होतं. घरातले म्हणत होते, हिच्या पायानं मरण आलं. आणि आता डॉक्टरीणबाईच शोधून सांगणार होती, की व्हय, मरण हिच्या माहेराहून आलं.

मी खोटं बोलायचा विचार केला. अगदी खरं सांगते. एखाद्या विषाणूचं नाव घ्यायचं, मोठं, कुणाला उच्चारता न येणारं. बल्ब गुपचूप बदलून टाकायचे आणि शेड निर्जंतुक करायचं नाटक करायचं. कुणाला कळलं नसतं. पण दोन बल्ब इब्राहिमभाईंकडे होते आणि त्यांची पिल्लं दुसऱ्या दिवशी यायची होती.

आणि आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, तिनं मी खरोखर हादरले. वायू साठत होता तो पडदे खाली असताना. दाराकडं वारा खेळता, कोपऱ्यात कोंडलेला. शिवरात्र झाली की आपल्याकडं थंडी जाते आणि पडदे वर होतात. बल्बही कमी लावावे लागतात. मरतूक आपोआप थांबली असती. म्हणजे अश्विनी माहेरी गेली असती आणि तिच्या पाठीमागं पिल्लं जगली असती. गंगव्वाची परीक्षा पुरी झाली असती. मग कुठल्या डॉक्टरनं काहीही सांगितलं असतं तरी त्या मुलीला त्या घराचं दार पुन्हा उघडलं नसतं. मी जन्मभर जे काम केलं तेच गंगव्वा करत होती, एक गोष्ट काढून घ्यायची आणि काय होतं ते बघायचं. फक्त तिनं काढायला गोष्ट चुकीची निवडली होती.

आम्ही बल्ब बदलले. अश्विनीला सासूला लगेच सांगून टाकायचं होतं. मी म्हणाले, एक सकाळ थांब, माझा तर्क चुकूही शकतो. इब्राहिमभाईंकडे मात्र मी मल्लिनाथला धाडलं, मी येईपर्यंत ब्रूडर पेटवू नका म्हणून.

सकाळी धुकं होतं. मी आले तेव्हा तिघंही शेडच्या दारात उभे होते. आत कुणी गेलं नव्हतं. मी एकटी पुढं झाले आणि सवयीनं आधी ऐकलं. मग मागच्या कोपऱ्यात गेले. पिल्लं तुसावर पसरून टिपत होती. एक लंगडं पिल्लू मेलं होतं, त्याचा पाय आदल्या दिवशीच अधू होता. बाकी सगळी जिवंत. चाळीस वेळा असं काही सुटलं असेल माझ्या आयुष्यात, पण त्या सकाळी मला कुणाला तरी हाक मारून सांगावंसं वाटलं. बाहेर आले तेव्हा माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं असावं.

मी बोलायला तोंड उघडलं, पण अश्विनी पुढं झाली. काढून ठेवलेला बल्ब तिच्या हातात होता. पदर सरकला होता तो तिनं सावरला नाही. सासूच्या डोळ्यांत बघून तिनं सगळं सांगितलं. बल्ब माझ्या भावानं आणले. त्यांच्यावर थर असतो. तापला की वायू सुटतो. त्यानं पिल्लं मेली. एकही गोष्ट तिनं गाळली नाही.

गंगव्वानं बल्ब हातात घेतला. उलटा-सुलटा करून बघितला, नाकाला लावला.

"वास तर काय येत न्हाय," ती म्हणाली.

मी म्हणाले, नाही येत.

बल्ब तिनं पुन्हा उजेडाकडं धरला. मल्लिनाथ जमिनीकडं बघत होता. मला वाटलं, आता गंगव्वा फुटणार. आणि मग ती मला विचारू लागली. माणसाला त्रास होतो का? मेलेली पिल्लं मांजरांनी खाल्ली, त्यांना काही होईल का? सगळ्याच तांबड्या बल्बना असं असतं का? धंदेवाईक बाईचे नेमके प्रश्न. मी एकेकाचं उत्तर दिलं.

"म्हंजे पायगुण न्हाय तर," शेवटी ती म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं पुढं म्हणाली, "बरं झालं. पायगुण असता तर कुटनं बदलून आणला असता? बल्ब काय, दुकानात मिळतोय."

तिनं सुनेची माफी मागितली नाही. त्या पिढीतल्या सासवा मागत नाहीत. पण मल्लिनाथला म्हणाली, "ती बॅग माळ्यावर टाक की. येता-जाता पायात येतीय." अश्विनीनं वाकून पाण्याची भांडी उचलली आणि आत गेली. ती ते विसरली असेल असं मला वाटत नाही, आणि तिनं विसरावं असंही मला वाटत नाही. पुढं त्या घरी मी अनेकदा गेले. सासू-सुनेचं चांगलं चाललंय, पण हसत-खेळत नाही. शेड आता अश्विनी बघते. कुठलं पिल्लू कुठं मेलं ते भिंतीवर खडूनं लिहिते, आणि एखाद्या शेजारणीचं पिल्लू मेलं तर गंगव्वा स्वतः तिला अश्विनीकडं पाठवते.

पण ते नंतरचं. त्या सकाळी इब्राहिमभाईंकडे जायचं होतं. मी आणि अश्विनी निघालो तर गंगव्वाही चपला घालून आली. बांधावरून चालताना ती पुढं, आम्ही मागं. इब्राहिमभाई शेडच्या दारात काळजीनं उभे होते. निरोप गेला होता, पण कारण कळलं नव्हतं. पिल्लांची गाडी वाटेवर होती.

"क्या हुआ बड़ी अम्मा?" ते गंगव्वाला म्हणाले. "ब्रूडरात काय खोट हाय का?"

गंगव्वानं सगळं सांगितलं. थर, वायू, फुप्फुस, जांभळे ठिपके. माझ्यापेक्षा सोपं आणि नेमकं सांगितलं. आणि मग त्याच दमात म्हणाली, "आमच्या अश्विनीनं शोधून काढलंय हे. लई दिवस डोकं लावलं पोरीनं."

अश्विनीनं चमकून माझ्याकडं बघितलं.

मी श्रेय सोडणारी बाई नव्हे. नोकरीत एका वरिष्ठानं माझं निदान स्वतःच्या नावावर खपवलं तेव्हा भर मीटिंगमध्ये उभी राहून मी ते परत घेतलं होतं. तो विणकराकडचा दोऱ्यांचा गोळा असो की आणखी काही, जे जे मी शोधलं ते मी शोधलं म्हणूनच सांगितलं, आणि इथंही सांगतेच आहे.

इब्राहिमभाईंनी मला विचारलं, "खरं का डॉक्टरबाई?"

"व्हय," मी म्हणाले. "तिनंच शोधलं."

गंगव्वानं माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. ती तोवर स्टूल ओढून छत्रीखाली चढली होती आणि पदरानं धरून पहिला बल्ब काढत होती.